झोपून, बसून, उभं राहून: एअर रायफलचा स्कोप डोळ्याशी जुळवताना

"मामा, झोपून बघितलं की सगळं लख्ख दिसतं. उभा राहिलो की काळं होतं."

नाशिककडच्या गिरणाऱ्याजवळ एका मित्राच्या मळ्यात मी आणि भाचा अधूनमधून एअर रायफल घेऊन जातो. तिथल्या शेततळ्याच्या बांधाला बाहेरून दीड पुरुष उंचीचा मातीचा उतार आहे, त्यासमोर आम्ही पुठ्ठे लावतो. भाचा 'काळं' म्हणत होता ती स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीच्या, गोल चित्रात कडेनं शिरणारी सावली. 3-9×40 चा, म्हणजे 3 ते 9 पट झूमचा आणि पुढची काच 40 मिलिमीटरची असलेला, नवाकोरा स्कोप त्यानं स्वतःच बसवला होता, घरी सतरंजीवर पालथं पडून. साहजिकच तो सतरंजीवर पालथ्या पडलेल्या माणसाला अगदी बरोबर बसला होता.

बहुतेक जण असंच करतात. टेबलावर कोपर टेकायचं, स्कोप पुढेमागे सरकवायचा, चित्र पूर्ण दिसलं की स्क्रू आवळायचे. मग मैदानावर प्रत्येक वेळी मान ताणून डोळा स्कोपमागे नेत बसायचं. माझी पंचवीस वर्षं सातपूरच्या एका टूलरूममध्ये गेली. तिथे फिक्स्चर, म्हणजे पकडून ठेवणारा साचा, जॉबच्या, म्हणजे घडवायच्या वस्तूच्या, मापाचं करतात, जॉब ठोकून फिक्स्चरमध्ये कोंबत नाहीत. इथे जॉब म्हणजे तुमची मान. ती जिथे आपोआप पडते तिथे स्कोप यायला हवा. पंचाईत एवढीच, की झोपल्यावर ती एका जागी पडते आणि उभं राहिल्यावर दुसऱ्या.

पुढचं सगळं 4.5 मिलिमीटरच्या, म्हणजे .177 च्या एअर रायफलबद्दल आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून मोठी असेल तर लागतो. पक्ष्या-प्राण्यांवर नेम धरायचा नाही, वन्य पक्ष्या-प्राण्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पुठ्ठा, मागे माती, जागामालकाची परवानगी आणि डोळ्यांवर गॉगल, एवढं सांगून मूळ विषयाकडे येतो.

सावली कुठून येते

मागच्या काचेपासून ज्या अंतरावर डोळा असला की चित्र काठोकाठ भरतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. रायफलच्या स्कोपमध्ये ते साधारण 75 ते 100 मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच असतं. पण हा एकच एक बिंदू नाही. पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे थोडी मोकळीक असते. डोळा त्या मोकळ्या जागेत आहे तोवर चित्र पूर्ण दिसतं. या जागेला आय बॉक्स म्हणतात.

ही जागा किती मोठी, हे बरंचसं झूमवर ठरतं. एक सोपा प्रयोग करून बघा. स्कोप रायफलवर न चढवता हातात घ्या, हात लांब करून उजेडाच्या दिशेनं धरा, सूर्याकडे मात्र कधीही नाही. मागच्या काचेत एक उजळ टिकली दिसेल. आता झूमची रिंग 3 वरून 9 कडे फिरवा, टिकली बारीक होत जाते. या टिकलीचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम. 40 ला 9 नं भागलं की येतात साधारण 4.4 मिलिमीटर. भर दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. म्हणजे 9 वर डोळा एखादा मिलिमीटर जरी बाजूला गेला तरी कडा काळी पडायला लागते. 4 वर टिकली 10 मिलिमीटरची, तिथे कसाही गाल ठेवला तरी चालून जातं. पुष्कळ स्कोपमध्ये झूम वाढवलं की आय रिलीफही थोडं कमी होतं. म्हणून जुळवणी नेहमी ज्या सर्वांत मोठ्या झूमवर तुम्ही खरोखर नेम धरणार, त्या झूमवर करायची.

सावली वाचायलाही शिकावं लागतं. चित्राभोवती सगळीकडून सारखी काळी कडा आली असेल तर डोळा एकतर फार जवळ आहे किंवा फार लांब. कुठलं ते डोकं बोटभर पुढेमागे केलं की लगेच कळतं. सावली वरून किंवा खालून चंद्रकोरीसारखी आली तर गालाची उंची चुकलीय. डावीउजवीकडून आली तर गाल बटावर, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, नीट टेकलेला नाही, किंवा जास्त दाबला गेलाय. उंचीचा दोष स्कोप पुढेमागे सरकवून कधीच जात नाही. हे न कळल्यामुळे लोक तासन्‌तास रिंगा सैल-घट्ट करत बसतात.

आधी बट, मग स्कोप

बटाची लांबी आणि गालाची उंची ठरल्याशिवाय स्कोपला हात लावू नका. नाहीतर आज जुळवलेला स्कोप उद्या बटाला रबर लावलं की परत बिघडणार.

बटाची लांबी म्हणजे ट्रिगरपासून बटाच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. रायफल खांद्याला लावून बोट ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे, कोपर फार ताणलेलं नको की अंगाला चिकटलेलं नको. भाच्याचे हात लांब आहेत, त्याला बट आखूड पडत होतं. मी नायलॉनच्या शीटमधून 8 मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे बटाच्या आकारात कापले आणि रबर पॅडच्या खाली लांब स्क्रूंनी बसवले. या तुकड्यांनी पुढे एक वेगळंच काम केलं, ते शेवटी सांगतो.

गालाचं असं, की स्कोप आला म्हणजे डोळा मूळच्या लोखंडी साइटपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यावा लागतो. बट मात्र साइटच्या हिशेबानं घडवलेलं असतं. मग माणूस गाल टेकवण्याऐवजी हनुवटी टेकवतो आणि डोकं हवेत डुलत राहतं. उपाय दोन. एक, स्कोप शक्य तितका खाली बसवायचा. पुढची काच रायफलच्या नळीला टेकू नये, मध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज फिरेल इतकी फट पुरे, आणि नळी मोडून भरायची रायफल असेल तर उघडताना अडथळा होऊ नये. दोन, बटावर गालाच्या जागी उंची द्यायची. बाजारात तयार पट्टे मिळतात. आम्ही जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या एकावर एक ठेवून वरून कापडी टेप गुंडाळला. दिसायला पाय मोडलेल्या माणसाच्या प्लास्टरसारखं दिसतं, पण काम चोख होतं. पट्ट्या एकेक करून वाढवा. डोळे मिटून गाल पूर्ण वजनानं टेकवा, डोळे उघडा, वरची सावली आणि खालची सावली दोन्ही गेल्या की थांबा.

रेटिकलचा फोकस

हे काम दोन मिनिटांचं आणि रायफलशिवाय करायचं. आमच्या कॉलनीत गच्चीवर रायफल घेऊन उभं राहिलो तर समोरच्या बिल्डिंगमधून पोलिसांना फोन जाईल, आणि तो करणाऱ्याचं काही चुकणार नाही. नुसता स्कोप घेऊन गच्चीवर जा. पांडवलेण्याच्या डोंगरावरच्या मोकळ्या आकाशाकडे बघा, सूर्य पाठीशी ठेवून. मागच्या काचेची कडी फिरवत रेटिकल, म्हणजे आतल्या क्रॉसच्या रेषा, काळ्याभोर आणि धारदार करा. सलग टक लावून बघू नका. डोळा स्वतःच जोर लावून अंधुक रेषाही स्वच्छ करून घेतो आणि तुम्हाला फसवतो. दोन सेकंद बघा, लांब दुसरीकडे बघा, परत बघा. डोळा लावल्याक्षणी रेषा धारदार दिसली पाहिजे. लॉक रिंग असेल तर आवळा आणि ही कडी नंतर विसरून जा. पुठ्ठा धूसर दिसला म्हणून ती फिरवायची नसते, त्याला वेगळी रिंग असते.

चष्मा असेल तर इथेच ठरवा, नेम चष्मा लावून धरणार की काढून. मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. झोपून नेम धरताना डोळा चष्म्याच्या काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतो, उभं राहिल्यावर जवळजवळ मधोमध बघतो. काचेच्या कडेला चित्र थोडं वाकतं. मी लांबच्या नंबरचा साधा, मोठ्या काचेचा वेगळा चष्मा केला आणि तो नाकावर थोडा वर सरकवून वापरतो. चष्मेवाल्यांनी स्कोप घेतानाच 90 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आय रिलीफचा बघावा, कारण काच आणि डोळ्यामधलं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आधीच गेलेलं असतं.

आता मोजमाप

माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर पकडणाऱ्या रिंगा, घेताना दोन मापं बघायची. एक म्हणजे स्कोपच्या नळीचा व्यास, 25.4 मिलिमीटर की 30. 25.4 च्या स्कोपला 30 ची रिंग लावून मध्ये रबर भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. दुसरं म्हणजे रायफलवरची खाच. एअर रायफलवर बहुधा 11 मिलिमीटरची डव्हटेल, म्हणजे तिरप्या कडांची खाच, असते. पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची रुंद पट्टी, असेल तर माउंट वेगळा लागतो.

सुरुवात रायफल रिकामी करून. नळी मोडून उघडा, आत छर्रा नाही हे बघा, भाच्यालाही बघायला लावा. सराव करताना स्प्रिंगची रायफल रिकामी उडवायची नाही. छर्रा नसला तर पिस्टन पुढे जाऊन जोरात आदळतो. इथे कॉक न करता, म्हणजे स्प्रिंग न ताणताच, सगळं होतं.

खालच्या रिंगा बसवा, स्कोप ठेवा, वरच्या रिंगा इतक्याच लावा की स्कोप हातानं सरकेल पण आपोआप घसरणार नाही. झूम 9 वर. आता एक मोजपट्टी, पेन्सिल, वही आणि एक जोडीदार. एकट्यानं हे काम होत नाही. जो नेम धरतोय त्यानं मोजायचं नाही, मोजायला उठला की मान बदलली.

माप एकच घ्यायचं: बटाच्या मागच्या टोकापासून स्कोपच्या मागच्या काचेच्या कडेपर्यंत, बटाला समांतर.

भाचा आधी सतरंजीवर पालथा झोपला. डोळे मिटले, रायफल खांद्याला घेतली, गाल टेकवला, दोन श्वास घेतले. मी म्हटलं, "आता मान सोड." तो म्हणाला, "सोडलीच आहे." मी खांद्यावर हात ठेवला तर दोरीसारखा ताणलेला. पहिले दहा सेकंद मान खोटं बोलते, नंतर ती जिथे पडायची तिथे पडते. मिनिटभरानं त्याचं डोकं चांगलं बोटभर पुढे सरकलं. मग डोळे उघडायला सांगितलं. मी स्कोप हळूहळू मागे आणला, कडा काळी पडायला लागली तिथे तो "बस" म्हणाला, मी माप घेतलं. मग पुढे नेला, परत काळी पडली तिथे दुसरं माप. या दोन मापांमधली जागा म्हणजे त्या पोझिशनची खिडकी. प्रत्येक पोझिशनला हे तीनदा केलं आणि सरासरी घेतली.

वहीतले आकडे असे आले, सगळे मिलिमीटरमध्ये, झूम 9 वर, अंगात साधा टी-शर्ट. झोपून 315 ते 335. मांडी घालून 306 ते 326. गुडघ्यावर 300 ते 321. उभं राहून 292 ते 313.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच राहतो. झोपल्यावर शरीर रायफलच्या मागे आडवं असतं, मान पुढे येते, डोळा स्कोपच्या सर्वांत जवळ जातो. उभं राहिल्यावर अंग आडवं वळतं, डोकं सरळ आणि मागे राहतं. बाकीच्या दोन पोझिशन मध्ये कुठेतरी. टेबलावरचं मात्र सांगता येत नाही. टेबल उंच असेल तर डोकं उभ्या माणसासारखं राहतं, ठेंगणं असेल तर झोपल्यासारखं पुढे येतं. त्यामुळे टेबलावर जुळवलेला स्कोप कुठल्याच पोझिशनचा नसतो.

भाच्याच्या आकड्यांत गोम दिसली का? झोपल्यावर खिडकी 315 ला सुरू होते, उभं राहिल्यावर 313 ला संपते. मध्ये दोन मिलिमीटरची दरी. दोन्ही पोझिशनना 9 वर पूर्ण चित्र देणारी एकही जागा नाही.

पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकलं, तिथे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, तिन्ही एकाच सामन्यात असतात. तिथे दुर्बीण चालत नाही, बारीक भोकाची पीप साइट असते, पण डोळ्याच्या अंतराची भानगड तीच. ते नेमबाज पोझिशन बदलताना बटप्लेट आणि गालाची पट्टीही बदलून घेतात, त्यांच्या रायफलच तशा असतात. आपल्या लाकडी बटाच्या रायफलीला ती सोय नाही, म्हणून तडजोड शोधावी लागते.

आम्ही झूम 6 वर आणलं आणि फक्त दोन टोकाच्या पोझिशन परत मोजल्या. झोपून 309 ते 341, उभं राहून 286 ते 319. आता 309 ते 319 ही जागा दोघांनाही चालते. मधोमध 314. मग 9 चे आकडे परत बघितले. 314 मांडीच्या आणि गुडघ्याच्या खिडकीत आरामात बसतं. झोपलेल्याला एक मिलिमीटर कमी पडतं, उभ्याला एक मिलिमीटर जास्त होतं. एवढं शरीर देऊ शकतं: उभं राहताना बट खांद्याच्या खड्ड्यात जरा खाली घेतलं की डोकं किंचित पुढे येतं, झोपताना कोपरं थोडी जवळ घेतली की ते किंचित मागे जातं. आणि खरं सांगायचं तर उभं राहून 9 वर नेम धरायला तसंही कोणाचा हात स्थिर राहत नाही. तिथे 5 किंवा 6 च बरं.

दरी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर मात्र झूमवर भागवू नका. बट आखूड पडत असेल किंवा गाल अजूनही टेकत नसेल, तिकडे परत जा. आणि तुम्ही मुख्यतः एकाच पोझिशनचे असाल तर तडजोडीच्या फंदातच पडू नका, त्याच पोझिशनच्या खिडकीचा मध्य धरा.

कधीकधी पाहिजे त्या मापाला स्कोप पोचतच नाही. झूमची रिंग नाहीतर मधल्या नॉबचा उंचवटा माउंटला अडतो. अशा वेळी माउंटची रिंग उलटी फिरवून बसवून बघा, काही माउंट एका बाजूला पुढे झुकलेले असतात. नाहीतर स्कोप पुढे किंवा मागे नेणारा लांब एकसंध माउंट घ्या. झूमच्या रिंगवर किंवा पुढच्या काचेच्या फुगवट्यावर रिंग चढवून वेळ मारून नेऊ नका.

कुणाकडे परवान्याची मोठ्या बोअरची रायफल असेल तर वरची तडजोड तशीच्या तशी उचलू नका. तिथे धक्क्यानं स्कोप मागे येऊन भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराची जखम करतो. त्या रायफलीला डोळा सर्वांत जवळ येतो ती झोपायची पोझिशन आधी बघायची आणि खिडकीच्या लांबच्या टोकाला स्कोप बसवायचा.

सरळ करणं आणि आवळणं

रायफल सरळ धरली की रेटिकलची उभी रेषा खरोखर उभी हवी. छर्रा खाली येत जातो, स्कोप त्या हिशेबानं लावलेला असतो, आणि रायफल तिरकी असली की ते खाली येणं थोडं बाजूला वळतं. 50 मीटरपर्यंत छर्रा पाव मीटर खाली येतो असं धरलं तर 3 अंशांच्या तिरकेपणानं सव्वा सेंटिमीटर बाजूला. डोळ्याला 3 अंश कळतही नाहीत.

गवंड्याचा ओळंबा घ्या, वीस मीटरवर बाभळीच्या फांदीला टांगा. दुपारी वारा सुटला की तो हलतो, त्यासाठी खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, रेल स्पिरिट लेव्हलनं सपाट करा, मग स्कोप जागच्या जागी फिरवून उभी रेषा ओळंब्याच्या दोरीवर आणा. स्कोपच्या वरच्या टोपणावर लेव्हल ठेवून काम भागतं असं सांगतात, पण टोपण आणि आतली रेषा नेहमी जुळतातच असं नाही. फिरवताना 314 सरकलं नाही ना, परत मोजा.

आवळताना स्क्रू तिरकस क्रमानं, प्रत्येकी थोडं थोडं. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण 1.7 ते 2 न्यूटन मीटर पुरतात, माउंटच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. टॉर्कचा पान्हा नसेल तर अ‍ॅलन की आखूड बाजूनं, फक्त दोन बोटांनी. हे मी पोळल्यावर शिकलो. माझ्या पहिल्या स्कोपला मी टूलरूमच्या सवयीनं लांब अ‍ॅलन कीनं आवळलं. नळीवर रिंगेचा गोल वळ उठला आणि झूमची रिंग अशी जड झाली की फिरवायला चिमटा लागायचा. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला मी डायच्या बोल्टसारखं वागवलं होतं.

स्प्रिंगच्या रायफलीत अजून एक गोष्ट. पिस्टन पुढे जाताना रायफल आधी मागे येते आणि तो आदळला की पुढे झेपावते. या दुहेरी धक्क्यानं माउंट हळूहळू मागे सरकतो. म्हणून मागच्या माउंटला स्टॉप पिन हवी, ती रायफलवरच्या भोकात नीट बसलेली हवी. स्कोपही एअरगनसाठी बनलेला हवा. साध्या धक्क्याला टिकणारे कितीतरी स्कोप या उलट्या धक्क्यानं आतून खिळखिळे होतात. आवळून झालं की रिंग आणि नळी यांच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका. ठिपका तुटला म्हणजे स्कोप हलला. आमच्याकडचा ठिपका गुलाबी आहे, भाच्याच्या बहिणीच्या कृपेनं.

मैदानावर खात्री

मध्यममार्गी 314 खरंच चालतंय का, हे कागद सांगतो. आधी पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉस पुठ्ठ्यावर सरकल्यासारखा दिसणं. साध्या रायफलचे पुष्कळ स्कोप 100 यार्डांसाठी पक्के लावलेले असतात, 10 मीटरवर त्यांत पुठ्ठा धूसरच दिसणार. एअर रायफलला अंतराची वेगळी रिंग असलेला स्कोप लागतो. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, हात न लावता डोकं बोटभर वरखाली करा. क्रॉस पुठ्ठ्यावर फिरत असेल तर रिंग फिरवा, तो जागेवर थांबेपर्यंत. रिंगवर छापलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, पेन्सिलनं आपली खूण करा.

मग 25 मीटरवर प्रत्येक पोझिशनमधून पाच-पाच छर्रे, वेगवेगळ्या कागदांवर. प्रत्येक छर्ऱ्याआधी रायफल खाली, डोळे मिटून परत खांद्याला, गाल, दोन श्वास, डोळे उघड. चित्र लगेच पूर्ण दिसलं पाहिजे. पाचांतून दोनदा जरी मान शोधावी लागली तरी वहीत लिहा, त्या पोझिशनच्या गालाकडे किंवा कोपराकडे बघायला हवं.

उभं राहून घेतलेला पुंजका मोठा येणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बघायचं ते हे, की सगळ्या पुंजक्यांचे मध्य जवळपास एकाच जागी आहेत का. एखाद्या पोझिशनचा मध्य ठरावीक बाजूला पळत असेल तर शंकेची दोन ठिकाणं. एक, डोळा मधोमध नाही आणि पॅरालॅक्स राहिलाय. दुसरं, स्प्रिंगची रायफल वेगवेगळ्या पकडीला वेगवेगळं उडते. तिला आवळून धरायचं नसतं, पुढचा हात नुसता खाली पसरायचा आणि धक्क्यानं हवी तशी हलू द्यायची. एअरगनवाले याला तोफखान्याची पकड म्हणतात. देवळालीचा तोफखाना दारात असलेल्या नाशिककराला हा शब्द समजवावा लागत नाही. कुठली शंका खरी हे ओळखायला त्या पोझिशनमध्ये रायफल पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारा. मध्य परत आला तर दोष पकडीचा, नाही आला तर डोळ्याचा.

भाच्याचे चारही मध्य पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. उभं राहून काळं होणंही थांबलं.

डिसेंबरात परत गेलो. निफाडकडे पारा घसरला की गिरणाऱ्यालाही सकाळी हात बाहेर काढवत नाहीत. भाचा जाड जॅकेट घालून आला, उभा राहिला, आणि पुन्हा, "मामा, काळं." जॅकेटच्या जाडीनं रायफल खांद्यापासून पुढे गेली होती, डोळा तेवढाच मागे राहिला होता. तो लगेच अ‍ॅलन की काढायला निघाला. मी थांबवलं. स्कोप हलवला की झीरो, म्हणजे क्रॉस आणि छर्रा एकाच जागी पडण्याची जुळणी, गेला, सकाळभर परत छर्रे मोजत बसा. त्याऐवजी बटाचे स्क्रू काढले, नायलॉनचा एक तुकडा काढून घेतला, पॅड परत बसवलं. काळं गेलं.

त्यानं सवयीनं मोजपट्टी लावली. "मामा, 306 आलं. स्कोप सरकला!" मी त्याला गुलाबी ठिपका दाखवला. तो शाबूत होता. बट 8 मिलिमीटरनं आखूड झालं होतं, माप बटापासून घेतलेलं. छर्ऱ्याच्या डब्याच्या झाकणावर आता त्याच्या अक्षरात दोन आकडे आहेत, 'टी-शर्ट 314, जॅकेट 306', आणि काढलेला नायलॉनचा तुकडा आतच, छर्ऱ्यांवर, मार्च येईपर्यंत.